भरावावरची सात बिळं

नोकरीत असताना कागदावर माझा हुद्दा कालवा चौकीदार असा होता. गावोगाव लोक मला पाटकरी म्हणत. दोन्ही नावं मला चालायची, फक्त कुणी ‘पाणी सोडणारा’ म्हटलं की डोकं फिरायचं. पाणी काय, चाक फिरवलं की कुणीही सोडतं. सोडलेलं पाणी वाटेत फुटू न देता, कुणाला चोरू न देता शेवटच्या शेतापर्यंत नेणं हे खरं काम, आणि ते मी पिंगळीकडच्या एका चारीवर बावीस वर्षं केलं. चारी म्हणजे मोठ्या कालव्यातून निघालेला लहान पाट. या सगळ्या वर्षांत माझी चारी एकदाही फुटली नाही. ही गोष्ट मी लग्नात, तेराव्याला, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला, जिथं जागा मिळेल तिथं सांगतो. बायको म्हणते, “बास करा आता, लोकायला पाठ झालंय.”

पण चारी शाबूत राखली म्हणून सगळं राखलं असं होत नाही. एका उन्हाळ्याची गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. निवृत्तीला तेव्हा तीन वर्षं उरली होती.

ती गोष्ट वेड्या राघूंची आहे. आमच्या भागात हा पक्षी कुणी बघितला नाही असं होणार नाही, आणि त्याच्याकडं कुणी नीट बघितलंय असंही फारसं होत नाही. चिमणीहून जरासा मोठा, अंगानं हिरवागार. डोक्यावर तांबूस झाक, गळा निळसर, त्याखाली एक बारीक काळी रेघ. डोळ्यातूनही काळी पट्टी गेलेली. चोच लांब आणि किंचित खाली वाकलेली. शेपटीच्या मधोमध दोन बारीक पिसं काडीसारखी बाहेर आलेली असतात. विजेच्या तारेवर बसतो, एकदम उडतो, हवेत गिरकी घेतो आणि पुन्हा त्याच जागेवर येऊन बसतो. दिवसभर हेच चाललेलं दिसतं म्हणून लोकांनी त्याला वेडा ठरवलं. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं एकदा उडती मधमाशी चिमटीत धरून दाखवावी, म्हणजे वेडं कोण ते कळेल.

हे शहाणपण मला नंतर आलं. त्या वर्षापर्यंत मला राघू ठाऊक नव्हते, फक्त बिळं ठाऊक होती.

बीळ म्हणजे पाटकऱ्याचा वैरी. घूस भरावात बीळ पाडते, खेकडा पाडतो, उंदीर पाडतात. पाणी आलं की त्या बिळातून आधी बोटभर धार लागते, मग मनगटाएवढी, आणि दुपारपर्यंत भराव बसून कुणाच्या तरी शेतात तळं झालेलं असतं. म्हणून प्रत्येक पाळीच्या आधी मी चारी पायी फिरायचो. पाळी म्हणजे धरणातून ठरावीक दिवस सुटणारं पाणी. सोबत टोपलंभर काळा चिखल, त्यात कालवलेला तुरीचा भुसा आणि ठासायला बाभळीचा दांडका. चिखलाचा गोळा बिळात सरकवायचा आणि दांडक्यानं ठासायचा, पुन्हा गोळा, पुन्हा ठासणं. आमची काळी माती वाळली की दगडासारखी होते. मी बुजवलेलं बीळ पुन्हा उघडलं असं कधी झालं नाही.

माझा आणखी एक नियम होता आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. फार पूर्वी एका बिळात मी गोळा सरकवला आणि आतून मुंगसाच्या पिल्लांचा आवाज आला. तेव्हापासून बीळ बुजवण्याआधी मी त्याच्या समोर बसायचो. अगदी समोर, डोळा न हलवता, तासभर. आत जीव असेल तर तासाभरात काहीतरी आत जाईल नाहीतर बाहेर येईल. काहीच हललं नाही तर बीळ रिकामं. बाकीचे पाटकरी हसायचे. चुडाव्याकडचा एक तर म्हणायचा, “तू बिळाची वाट बघतो का बीळ तुझी?” मी म्हणायचो, तुम्ही मारा जीव, मला ते जमायचं नाही.

त्या वर्षी पाळी लांबली. आधीची पाळी होऊन दोन महिने होत आले तरी पुढचं पाणी सुटेना. ऊन तापलेलं, चारी खडखडीत कोरडी. आमच्या चौकीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर चारी एका नाल्यावरून जाते. तिथं दोन्ही बाजूंना भराव आहे, आणि तो बाहेरून आणलेल्या पिवळ्या मऊ मातीचा आहे. आतलं सिमेंटचं अस्तर कधीच गळून पडलेलं. आमच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, तिच्यात बीळ टिकत नाही. त्यामुळं वेड्या राघूला घर करायला या भागात एवढीच बरी जागा होती. हे मला ठाऊक नव्हतं. मला भरावाच्या आतल्या अंगाला सात बिळं दिसली, एवढंच. चार वरच्या बाजूला होती. तीन मात्र पाण्याच्या रेघेच्या खाली होती, म्हणजे चारी भरून वाहिली की ती बुडणार. पाखरांनी चारी कोरडी बघून घर बांधलं. धरणातलं पाणी कधी सुटतं ते साहेबांनाच नीट माहीत नसतं, पाखरांना कुठून असणार?

शेवटी निरोप आला. परवा संध्याकाळी पाणी तुमच्या चारीला पोचेल. मी त्याच सकाळी टोपलं घेऊन भरावावर गेलो आणि नियमाप्रमाणे बिळांच्या समोर, पलीकडच्या काठावर बसलो. उघड्यावर, टॉवेल डोक्यावर घेऊन. चांगला दीड तास. चारीच्या कडेनं विजेची तार गेलेली, तिच्यावर आठ-दहा वेडे राघू बसलेले. ते बारीक आवाजात सारखे ओरडत होते, पण बिळात एकही शिरला नाही की बिळातून एकही आला नाही.

तेवढ्यात बायको भाकरी घेऊन आली. तिनं बिळं बघितली, तार बघितली, आणि भाकरीचं फडकं खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, “अहो, हे तर पाखराचे बिळं हायेत. कामून बुजवायलाव?”

“दीड तास झाला बसलोय,” मी म्हणालो. “एक आत गेलं न्हाई की एक बाहेर आलं न्हाई. मागच्या सालचे जुने बिळं हायेत.”

“मग त्यो तारेवरचा चोचीत चतुर धरून कामून बसलाय? मी आले तवापासून बघायले. खाईना का गेलाय त्यो?”

“पोट भरलं असंल.”

“पोट भरल्यावर कोन शिकार करतंय हो?”

मला राग आला. माझ्या कामात कुणी बोट घातलेलं मला चालायचं नाही, त्यात बायकोनं तर नाहीच. मी म्हणालो, एकोणीस वर्षं बिळं कोण बघतंय, तू का मी? मी भाकरी खाल्ली आणि दुपार कलायच्या आत सातही बिळं ठासून टाकली. काम नेहमीसारखं पक्कं झालं. तारेवरचा ओरडा वाढला होता, पण पाखरं ओरडतातच, असं म्हणून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा भरावाजवळ होतो. बिळांसाठी नाही, तिथून जवळच एका शेताला पाणी द्यायचं दार आहे, त्याच्या खाचेत गाळ बसला होता. त्या दाराला लागून वेड्या बाभळींची दाट जाळी आहे. तिच्या आडोशाला उकिडवा बसून मी खाच खरडत होतो. फांद्यांमधून सहज वर नजर गेली.

एक राघू मी बुजवलेल्या बिळाच्या तोंडाशी लटकला होता. पायाच्या नखांनी चिखल धरलेला, पंख फडफडत होते, आणि चोचीनं तो माझ्या चिखलावर टोचे मारत होता. तो दमून उडाला की दुसरा यायचा. शेजारच्या बिळावरही तेच. एकाच्या चोचीत माशी होती, ती न सोडता तो चिखलावर धडका देत होता.

मी उठून उभा राहिलो. एका क्षणात सगळे तारेवर. मी आडोशाला बसलो, थोड्या वेळात परत आले. पुन्हा उभा राहिलो, पुन्हा तारेवर, आणि चोचीतली शिकार तशीच धरून माझ्याकडं बघत बसले. मग मी काठाच्या अशा जागी गेलो जिथून मला तार दिसत होती पण बिळं दिसत नव्हती. तिथं मी चांगला उघडा उभा होतो, पाखरांना लख्ख दिसत होतो. तरी ते बिळांकडं गेले. माझी त्यांना भीती नव्हती, माझ्या बघण्याची होती. मला घराचं दार दिसतंय का नाही, एवढं त्यांना बरोबर कळत होतं. बघणाऱ्यासमोर घरात शिरायचं नाही, घर कुठं आहे ते दाखवायचं नाही, असा त्यांचा नियम.

मग डोक्यात प्रकाश पडला. काल दीड तास मी बसलो होतो म्हणूनच कुणी आत गेलं नव्हतं. मी उठून गेलो असतो तर पाचव्या मिनिटाला ते आत शिरले असते. आत जीव आहे का बघायला मी बसायचो, आणि माझ्या बसण्यामुळंच आत जीव नाही असं ठरत होतं. इतकी वर्षं किती बिळं मी अशी ‘रिकामी’ ठरवली असतील, हा विचार आला.

दांडका घेऊन बिळं उघडायला लागलो. चिखल मीच ठासलेला, तो कशाला लवकर निघतोय. बोटं सोलली. पहिलं बीळ मोकळं झालं आणि मी कान लावला. आत खोलवर, हातभर तरी आत, बारीक किरकिर ऐकू आली. दुसऱ्यातून एक मोठा राघू मातीनं माखलेला बाहेर आला, माझ्या मनगटाला धडकला आणि सरळ तारेवर गेला. खालची तिन्ही बिळं उघडली, तिन्हींत आवाज होता. वरच्यांपैकी एकात आवाज नव्हता. चिखलाचा शेवटचा गोळा काढला तर त्याला चिकटूनच एक राघू मरून पडला होता. डोकं बाहेरच्या बाजूला, चोच पार डोळ्यापर्यंत चिखलात. आतून उकरत उकरत तो गोळ्याच्या अर्ध्यापर्यंत आला होता.

मला रडू आलं. साठीकडं झुकलेला माणूस चारीत बसून पाखरासाठी रडतोय हे कुणी बघितलं नाही, एवढं बरं. बायकोनं मात्र बघितलं, कारण ती तेवढ्यात आली. मला वाटलं आता ही ऐकवणार. तिनं तो राघू पदरात घेतला, नाल्याच्या कडेला खड्डा करून पुरला, हात झाडले आणि विचारलं, “आता पान्याचं काय?”

पाणी उद्या संध्याकाळी येणार होतं. खालची तीन बिळं रेघेच्या खाली होती आणि तिन्हींत पिल्लं होती. साहेबांना फोन करून काय सांगायचं? पाखरांसाठी पाळी थांबवायचा अर्ज अजून कुणी छापलेला नाही. पण चारीच्या तोंडाचं दार माझ्या हातात होतं. मी ते निम्मंच उघडलं. पाणी आलं, भरावाशी चढत चढत खालच्या बिळांच्या वीतभर खाली येऊन थांबलं. मी रेघ मारून ठेवली आणि दर तासाला बघत राहिलो. पाणी रेघेवर गेलं नाही.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडं नियम असा की पाणी शेपटाकडून डोक्याकडं द्यायचं. म्हणजे चारीच्या अगदी शेवटच्या शेताला आधी, आणि तोंडाशी असलेल्यांना सगळ्यात शेवटी. नाहीतर वरचे लोक पाणी ओढून घेतात आणि शेवटच्याला ओल सुद्धा मिळत नाही. हा नियम मी कडक पाळायचो. वरची दारं बंद करून कुलूप लावायचो. पण त्या आठवड्यात मला वरच्यांची भीती वाटली. तिथले बागायतदार मोठे, ऊस आणि केळी लावणारे. त्यांची दारं बंद ठेवली तर ते ऑफिसला फोन लावणार, साहेब गाडी घेऊन येणार, आणि तोंडाचं दार निम्मं का म्हणून विचारणार. म्हणून मी वरची दारं उघडी ठेवली. ते खूश, कुणी चौकशी केली नाही. निम्मं पाणी त्यांनीच ओढलं, भरावापुढं गेलं ते थोडं, आणि तेही मधेच जिरलं.

शेवटचं शेत एका बाईचं होतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, नवरा वारलेला, मुलगी सेलूला दिलेली. दीड एकर जमीन, त्यात उन्हाळी भुईमूग. विहीर नव्हती. मधे एक अवकाळी पाऊस झाला आणि शेजाऱ्यानं त्याच्या विहिरीचं एक पाणी दिलं, त्यावर तिचा भुईमूग कसाबसा तगला होता. आता ती विहीरही आटली होती आणि शेंगा भरायची वेळ होती. भुईमुगाला याच दिवसांत पाणी नाही मिळालं तर वेल हिरवा दिसतो, पण शेंगा पोचट राहतात. हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

पाणी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. “जयभीम, भाऊ. पानी कवा येईन माझ्याकडं?”

“जयभीम, आक्का,” मी म्हणालो. “दारात कचरा अडकलाय. काढायलोय. येतंय बघा.”

“बरं बरं. सावकास करा, ऊन लय हाय.”

खोटं बोलणं मला जमतं हे मला त्या दिवशी कळलं.

आणि खरं सांगायचं तर ते दिवस फार सुखाचे गेले. वेड्या बाभळींच्या आडोशाला मी तरट टाकलं आणि तासन् तास बसलो. आता कसं बसायचं ते मला कळलं होतं. आई आणि बाप दोघंही चारा आणायचे, आणि एका बिळाला तर तिसरंही एक मोठं पाखरू चारा देत होतं, त्या घरचं कोण ते काही कळलं नाही. मधमाशी धरली की आधी तारेवर दोन-तीनदा आपटायची, मग तिचं मागचं टोक तारेवर घासत राहायचं, म्हणजे नांगीतलं विष निघून जातं. चतुर, माशी, फुलपाखरू मिळालं तर एवढे सोपस्कार नाहीत. दुपारच्या उन्हात ते चारीकडेच्या धुळीत लोळून घ्यायचे. मधेच एखादा तोंड वासून काळसर गोळी टाकायचा. मी ती उचलून चुरगाळली तर त्यात किड्यांचे पंख आणि टरफलं निघाली. दिवस मावळायला आला की आसपासचे सगळे राघू एका कडुलिंबावर जमायचे आणि जागेसाठी इतका कालवा करायचे की बस. मग एका फांदीवर एकमेकांना खेटून रांगेनं बसले की सगळं चिडीचूप.

खालच्या दोन बिळांतली पिल्लं चारा घ्यायला तोंडाशी येऊ लागली होती. अंगावर हिरवं पीस आलेलं. मी म्हणायचो, आणखी दोन दिवस. दोन दिवस झाले की पुन्हा म्हणायचो, आणखी दोन.

चौथ्या दिवशी पुन्हा फोन वाजला. मी तो बघितला आणि खिशात ठेवला. बायको शेजारी बसली होती. ती रोज यायची, तिलाही राघूंचा नाद लागला होता. “त्या आक्काचा हाय ना?” तिनं विचारलं.

मी तरटावर जरा सरकून बसलो.

“वरची दारं लावा. निम्म्या पान्यात बी तिच्यापोतूर जाईन.”

“वरचे फोन करतील. साहेब येईल, दार पुरं उघडायला लावील. मग पिल्लं बुडतील.”

“आनि तिचा भुईमूग?”

“दोन दिवसांची गोष्ट हाय.”

ती उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, “आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हायलाव तुमी.” एवढं बोलून ती चौकीकडं निघून गेली आणि नंतर राघू बघायला आली नाही. मी तिच्यावर चिडलो. पिल्लं मरू देऊ का, असं तिच्या पाठीला मोठ्यानं विचारलं सुद्धा. तिनं वळून बघितलं नाही. तिचं म्हणणं वेगळं होतं हे मला तिथंच कळलं होतं, पण कळलं म्हणून माणूस लगेच उठतो थोडाच.

सातव्या दिवशी सकाळी पिल्लं निघाली. तिन्ही बिळांतली मिळून अकरा. फिकट हिरवी, गळ्याची काळी रेघ अजून उमटलेली नाही, शेपटीची ती दोन काडीसारखी पिसंही नाहीत. पहिलं उडालं आणि तारेऐवजी बाभळीवर आदळलं. शेवटचं दुपारपर्यंत बिळाच्या तोंडाशी बसून राहिलं. आई समोर माशी धरून बसली, दोनदा जवळ आली, दिली नाही, परत गेली. शेवटी भूक अनावर होऊन ते निघालं. त्या वेळी मला जो आनंद झाला तो माझ्या नोकरीत दुसऱ्या कशानंच दिला नाही. त्या दुपारी मी खालची तिन्ही बिळं बुजवली, आधी आडोशाला बसून खात्री करून घेतली, आणि तोंडाशी जाऊन दार पुरं उघडलं. वरच्यांची दारंही लावून टाकली. त्यांचा ऊस तोवर भिजून चिंब झाला होता, त्यामुळं कुणी भांडलं नाही.

पाण्याच्या पुढं पुढं चालत मी दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या शेतावर गेलो. अशी सोबत मी पाण्याला एरवी करत नसे. ती बांधावर बसली होती. मला बघून उठली.

“जयभीम, भाऊ. आलं म्हनायचं की पानी. निघाला का कचरा?”

मी मान हलवली. तिनं वाकून भुईमुगाचा एक वेल उपटला, माती झटकली, शेंग फोडून माझ्यापुढं धरली. टरफल पुरं वाढलेलं, आत दाणा मुगाएवढा, सुरकुतलेला. दुसरी फोडली. ती रिकामीच होती.

“निम्मं गेलं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. “तुमी तरी काय करनार, दारच अडकल्यावर.”

ती मला समजावत होती. ते मला सहन झालं नाही. मी तिला सगळं सांगितलं. बिळं कशी बुजवली, कशी उघडली, मेलेला राघू, निम्मं दार, वरच्यांची उघडी दारं, कचरा नव्हताच हेही. मी सांगत होतो आणि पाणी तिच्या पाटातून हळूहळू येत होतं, पुढं फेसाची आणि पाचोळ्याची कड घेऊन. ती पाण्याकडं बघत ऐकत होती. मला वाटलं आता ही शिव्या देईल. द्याव्यात असंच वाटत होतं.

“किती पिल्लं हुती?” तिनं विचारलं.

“अकरा.”

“समदी जगली?”

“खालची समदी जगली.”

“चांगलं झालं,” ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. मग हातातली टरफलं पाटात टाकली. “म्या न्हाई म्हनले नसते, भाऊ. लेकरं हायेत म्हनले असते, ऱ्हाऊ द्या. पर मला इचारायला पायजे हुतं तुमी. पानी माझं हुतं.”

पाणी पहिल्या वाफ्याशी आलं. तिनं खोरं उचललं आणि वाफ्याचं तोंड मोकळं केलं. बांधावर दुसरं खोरं पडलेलं होतं, पण ते उचलून तिच्या शेतात उतरायचा मला धीर झाला नाही.